कुळातलं लेकरू

रेवाच्या डाव्या गालावर गालबोट होतं आणि ते अजून ओलं होतं.

दुधाची वाटी तिच्या ओठांना लावताना माझा अंगठा गालाला लागला आणि काळा झाला. म्हणजे काजळ आत्ताच, दारातून पाठवताना लावलेलं. सरोजच्या दारातून माझ्या दारात यायला चार वर्षांच्या पोरीला वेळ तो काय लागणार? एक पायरी उतरायची, दोन्ही घरांच्या मधल्या तुळशीला वळसा घालायचा, एक पायरी चढायची. एवढ्या वाटेसाठी कुणी गालबोट लावत नाही. ते वाटेसाठी नव्हतंच.

"मोठी आजी, साखर खाली राहिली," रेवा म्हणाली.

मी चमच्याने ढवळून दिलं. तिने दोन्ही हातांनी वाटी धरून दूध संपवलं, ओठांवरची पांढरी रेघ बाहीला पुसली, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला घाईघाईने नमस्कार केला आणि पळाली. मग मी माझं पान वाढून घेतलं. पण त्या दिवशी घास तोंडात नुसता फिरत राहिला.

सरोज माझी धाकटी जाऊ. आमची घरं बार्शीत एका भिंतीला धरून, काटकोनात आहेत. दोघा भावांनी एकाच वर्षी बांधली. अंगण एक, तुळस एक, कपडे वाळवायची दोरीही एक. मी सांगते आहे ते माझे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती त्या चातुर्मासातलं. घरात मी एकटी, आणि पलीकडे सरोज, दीर, त्यांची सून अर्चना आणि नात रेवा. अर्चना सकाळच्या शाळेत शिकवायला जायची. तिचा नवरा नंदू, म्हणजे सरोजचा धाकटा मुलगा, नोकरीसाठी मस्कतला. त्यामुळे सकाळी रेवा सरोजच्याच ताब्यात असायची.

आमच्या घरात एक नेम आहे. सासूबाईंना तो त्यांच्या सासूबाईंकडून आला. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत मोठ्या सुनेने दिवसातून एकदाच जेवायचं, आणि जेवायच्या आधी एका लेकराला बाळकृष्णासमोर बसवून दूध-साखर पाजायची. लेकरू कुळातलं हवं आणि दुधाचे दात पडायच्या आधीचं हवं. लग्न होऊन गेलेल्या लेकींची मुलं त्यांच्या त्यांच्या कुळाची, ती चालत नाहीत. घोटभर प्यायलं तरी चालतं, पण प्यायलंच नाही तर त्या दिवशी आपणही अन्न घ्यायचं नाही. कुळात तसं लेकरू नसेल तर नेम धरू नये. पण एकदा संकल्प केला की कार्तिकीपर्यंत सुटका नाही.

सासूबाईंना हा नेम कधी जड गेला नाही. त्यांची स्वतःची नऊ बाळंतपणं, त्यांतली सहा मुलं जगली. शिवाय चुलत दिरांची पोरं. सकाळी दारात रांग लागायची, असं त्या सांगायच्या. कालच प्यायलास ना मेल्या, हो मागे, म्हणून पोरांना हाकलावं लागायचं. एकदा दोघांनी वाटीसाठी अशी झोंबाझोंबी केली की दूध बाळकृष्णाच्या अंगावर सांडलं. सासूबाई म्हणाल्या, देवाने आपलं आपण घेतलं, आता निघा सगळे.

माझ्या वाट्याला एक श्रीरंग. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. श्रीरंग दोन वर्षांचा असताना कुटुंब नियोजनाचं मोठं वारं आलं. मास्तरांनी गावोगाव हिंडून माणसं तयार करून आणायची, असा तो काळ. यजमान लाल त्रिकोणाचे कागद घेऊन सायकलवर हिंडायचे, आणि लोक तोंडावर विचारायचे, मास्तर, आम्हाला सांगताय, तुमचं काय? खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. एक दिवस ते स्वतःच शस्त्रक्रिया करून आले. मला आदल्या संध्याकाळी सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. सासूबाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मी बोलत होते. न बोलून काय होणार होतं?

दिरांचं बाजारात कटलरीचं दुकान. त्यांना कुणी काही विचारायला आलं नाही. सरोजला चार मुलं झाली. चारही वेळा डिंकाचे लाडू मी वळले, शेकशेगडी मी केली, बाळाच्या टाळूवर तेल मी घातलं. सरोज बाजेवर पडल्या पडल्या म्हणायची, वहिनी, तुमच्या हातात किती शांत झोपतं हो. बाळ झोपलं की मी ते उचलून तिच्या कुशीत परत ठेवायची. लाडू, शेक, तेल यांचा मला कधी शीण वाटला नाही. ते परत ठेवणं मात्र जड जायचं.

चार मुलांच्या आईच्या घरी पुढे गोकुळ व्हायला हवं होतं. पण काळच वेगळा आला. दोन्ही लेकी परक्या कुळात गेल्या आणि एकेका मुलावर थांबल्या. थोरल्याने लग्नच केलं नाही. नंदूला एक रेवा, आणि पुढे विचार नाही असं अर्चनाने बारशातच सांगून टाकलं होतं. इकडे माझा श्रीरंग पुण्याला. केतकीशी लग्न होऊन पाच वर्षं झाली तरी घरात पाळणा नाही. आमच्या गल्लीतली बालवाडी पोरांअभावी बंद पडली आणि त्या खोलीत गुडघेदुखीवर शेक देणारा एक माणूस बसायला लागला. समोरच्या कासारीणबाई दळणाचा डबा डोक्यावर घेऊन जाता जाता म्हणायच्या, "दोन घरांत मिळून एक पोर, आणि कौतुक साऱ्या गल्लीला."

रेवा आपल्या पायांनी अंगण ओलांडायला लागली तसा मी सासूबाईंचा नेम पुन्हा उचलला. का उचलला ते सगळ्यांना ठाऊक होतं. श्रीरंगाच्या घरी एक मूल यावं, एवढंच मागणं होतं. पण ते मागण्यासाठी मला रोज सरोजच्या दारातून लेकरू बोलवावं लागत होतं, आणि वाटी संपली की परत पाठवावं लागत होतं.

ते गालबोट दिसल्यावर मी लक्ष ठेवायला लागले. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरोजची पायरी दिसते. रेवा माझ्याकडून परत गेली की सरोज पायरीवर वाट पाहत उभीच असायची. पदराचं टोक ओलं करून ती रेवाचा गाल पुसायची. संध्याकाळी ती पोरगी अंगणात खेळायची तेव्हा गाल स्वच्छ. रस्त्यावर जायची, देवळात जायची, दुकानात जायची, गाल स्वच्छ. माझ्याकडे यायचं असलं की काजळ. शनिवारी तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळलेल्याही मी पाहिल्या. मोहऱ्यांचा वास भिंत ओलांडून माझ्या देवघरापर्यंत आला.

मी सहस्रनाम म्हणत होते. ओठ चालू होते, मन त्या वासापाशी. सरोजने मला काही चुकीचं ओळखलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. दोरीच्या तिच्या अर्ध्या भागावर रेवाचे झगे वाळत असायचे, बोटभर बाह्यांचे, झालरीचे. माझ्या अर्ध्या भागावर दोन पातळं. मी माझी पातळं पुरती वाळायच्या आधीच काढून आणायची. हे कुणाला दिसत नसेल असं मला वाटत होतं. सरोजला दिसलं होतं.

मग मी दुधात वेलदोडा घालायला लागले. मग केशर. मग बदाम उगाळून. रेवाला मी बाळकृष्णाच्या गोष्टी सांगायची, पण एकदम नाही. आज लोणी चोरायला शिंक्यापर्यंत पोचला की बाकीचं उद्या. ती वाटी हातात धरून रेंगाळायची. भिंतीपलीकडून हाक यायची, "रेवाऽऽ." ती तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगायची. त्या बोटासाठी मी सगळा चातुर्मास उपाशी राहिले असते.

सरोजही काही कमी नव्हती. एक दिवस रेवा पोट फुगवून आली आणि वाटीकडे बघून मान फिरवली. आजीने आधीच मोठा पेला पाजला होता, चॉकलेटचं दूध, शिवाय शिरा. मी तासभर तिच्या मिनतवाऱ्या केल्या तेव्हा तिने एक घोट घेतला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी रेवाने आजीकडचा पेला अंगणात तुळशीत ओतला आणि रिकाम्या पोटी माझ्याकडे आली. तुळस त्या आठवड्यात चिकट झाली होती. आम्ही दोघी जावा तिला पाणी घालताना एकमेकींशी काही बोललो नाही.

नवरात्र संपल्यावर एका सकाळी रेवा दूध पिऊन माझ्या मांडीवरच झोपली. मी तिला हलवलं नाही. आधी पाय बधिर झाला, मग कंबर. हाका आल्या, थांबल्या. मग सरोज स्वतः आली आणि दारात उभी राहिली.

"वहिनी, तुमचा नेम वाटीपुरता आहे ना?"

"तिला झोप लागली, सरोज."

"झोप लागली तर तिला घर आहे."

तिने वाकून रेवाला उचललं. झोपेत रेवाची मूठ माझ्या पदरात अडकली होती, ती सरोजने एकेक बोट करून सोडवली. मी पदर ओढला नाही आणि सोडवायला मदतही केली नाही.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी रेवा आली नाही. मी अंगणात गेले तर सरोजने दार अर्धंच उघडलं. रेवाला ताप आहे, डॉक्टरांनी दूध बंद सांगितलंय, म्हणाली. मी विचारलं, बघून जाऊ का? ती म्हणाली, झोपलीय. मी परत आले. देवापुढे दूध ठेवलं, तसंच झाकून ठेवलं, आणि पाणी पिऊन राहिले. एक दिवसाने काय होतं? दुसऱ्या दिवशीही दार उघडलं नाही. आतून रेवाचा आवाज येत होता, पण मला वाटलं आजारी पोरं किरकिरतातच. त्या दुपारी श्रीरंगाचा फोन आला. माझा आवाज ऐकून त्याने दोनदा विचारलं, आई, जेवलीस का? मला पटकन हो म्हणता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो आणि केतकी गाडी घेऊन आले.

केतकीने पहिल्यांदा स्वयंपाकघरात जाऊन कुकर उघडून पाहिला. मग फडताळ, मग माझं ताट. सगळं कोरडं. काय ते मी सांगितलं. श्रीरंग वैतागला. पोरकटपणा आहे सगळा, म्हणाला, आणि शहाळं आणायला बाहेर पडला. पाणी चालतं ना तुझ्या देवाला, असं दारातून विचारून गेला. केतकी माझ्यासमोर जमिनीवर बसली. खुर्ची होती, तरी खाली बसली.

"आई, एक विचारू? दूध देताना तुम्ही देवाकडे काय मागता?"

"तुला माहीत आहे की."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"तुझी कूस उजवावी. दुसरं काय मागणार मी?"

ती थोडा वेळ फरशीवर बोट फिरवत राहिली. रागावली नव्हती. एवढंच, की पुढचं वाक्य ती बरेच दिवस जवळ बाळगून असावी.

"आम्हाला मूल नकोय, आई. होत नाही असं नाही. नकोय. श्रीरंग सांगतो सांगतो म्हणत राहिला."

"दोघांनाही?"

"दोघांनाही. लग्नाआधीच ठरलं होतं. तुम्ही माझ्यासाठी उपास करता, आणि तो माझ्याच मनाविरुद्ध करता. मी काय करू, सांगा. तुम्ही अशा वाळत बसलात तर मला ते पेलणार नाही."

दुःख झालं हे खरं, पण आधी दुसरंच काही झालं. ती समोर बसली होती, केस कापलेले, हातात घड्याळ, आणि नकोय हा शब्द तिने माझ्यापुढे असा ठेवला होता जसं एखादं भांडं ठेवावं. तिचं तिने ठरवलं होतं. माझ्या वेळी मला आदल्या संध्याकाळी सांगण्यात आलं होतं. इतकी वर्षं मी सरोजच्या भरल्या घराचा हेवा केला. त्या दिवशी पहिल्यांदा मला रिकाम्या घरातल्या बाईचाही हेवा वाटला.

केतकी उठली आणि चपला घालून पलीकडे गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही. थोड्या वेळाने ती एकटीच परत आली आणि कुकर लावायला लागली. तिच्यामागून सरोज आली. आत आली नाही. उंबरठ्यावरच बसली, बाहेर पाय सोडून, माझ्याकडे पाठ अर्धी.

"तीन दिवस तुम्ही पाण्यावर आहात, मला सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"रेवाला ताप आहे म्हणालीस तू."

"ताप पहिल्या रात्रीच उतरला."

केतकीने नळ बंद केला. मी आयुष्यात कुणाला उलटून बोलले नव्हते, पण पोटात अन्न नसलं की माणसाचा आवाजही आपला राहत नाही.

"मग पाठवली का नाहीस? माझी दृष्ट लागते म्हणून?" मी म्हटलं. "गालबोट लावून पाठवतेस, माघारी आली की पुसतेस, मोहऱ्या ओवाळतेस. मला सगळं दिसतं, सरोज."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा रागाचा नव्हता. गोंधळलेला होता.

"ते तुमच्यासाठी लावते वाटलं तुम्हाला?"

"मग कुणासाठी?"

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "अहो, माझ्या मोरीच्या खिडकीतून तुमचं देवघर दिसतं. रोज तिथं उभी राहून बघते मी. माझ्याकडे एका घासासाठी पोरगी घरभर पळवते मला. तुमच्याकडे मांडी घालून बसते, हातातली वाटी संपवते, वर गोष्ट ऐकते. माझा जीव असा जळतो वहिनी, की काय सांगू. सासूबाई सांगायच्या ना, परक्याची उतरते पण घरच्याची दृष्ट उतरत नाही म्हणून. माझीच लागेल अशी भीती वाटायची मला. म्हणून ती तुमच्याकडे निघाली की लावायची."

केतकी गॅसपाशी पाठमोरी उभी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"चार पोरं वाढवली मी," सरोज म्हणाली. "पण निजवली ती तुम्ही. ते तेव्हापासूनचं आहे."

इतकी वर्षं ती भिंत मी माझ्या बाजूनेच पाहत आले होते.

"आणि हे तीन दिवस?" मी विचारलं.

ती पदराने तोंड पुसायला लागली तेव्हा मला कळलं की ती रडतेय. नंदूचा फोन आला होता. मस्कतला मोठं घर मिळालं, दोघींचे व्हिसा झाले. दिवाळी झाली की न्यायला येतोय. अर्चनाने शाळेत सांगितलंही होतं.

"माझ्याकडे दिवसच थोडे राहिले," ती म्हणाली. "त्यातल्या सकाळी तुम्हाला कशाला द्यायच्या, असं वाटलं. म्हणून दार लावून बसले तिला घेऊन."

मग ती उठली, अंगणातून गेली आणि रेवाला काखेत घेऊन आली. रेवा चांगली खडखडीत होती. तीन दिवस घरात कोंडल्याने तेवढी चिडलेली. मी दूध केलं. वाटी सरोजने धरली. पोरगी प्यायली. रोज या वेळी मी डोळे मिटून मागायची. मी सवयीने डोळे मिटले, आणि मागायला काही सापडेना. केतकी मागे भाताची पेज गाळत होती, त्या वाफेचा वास येत होता. मी डोळे उघडले आणि पेज घेतली.

त्यानंतर सरोज रोज रेवाबरोबर माझ्याकडे यायला लागली. याने हेवा संपला असं कुणी समजू नये. साखर फार घालता तुम्ही, दात किडतील तिचे, असं ती म्हणायची. मी म्हणायची, तुझ्या चॉकलेटने आधीच किडलेत. गोष्टीत ती मध्येच बोलायची आणि पूतनेला लवकर मारून टाकायची. रेवा एकदा हिच्या मांडीवर, एकदा माझ्या मांडीवर, आणि आम्ही दोघी तिच्याकडे न बघता एकमेकींच्या मांड्यांकडे बघत असायचो.

कार्तिकी चार दिवसांवर आली असताना नंदूने त्यांना नेलं. सकाळी जीप दारात लागली. अर्चनाची घाई चालली होती, पासपोर्ट पर्समध्ये आहे की नाही ते ती सारखी बघत होती. रेवाने अर्धी वाटी प्यायली आणि जीपमध्ये पुढे बसायला मिळणार म्हणून पळाली. तिने मागे वळून पाहिलं नाही. लहान पोरं पाहत नाहीत.

जीप कोपऱ्यावरून वळली आणि सरोज तुळशीच्या कट्ट्यावर बसली. ती मोठ्याने रडली. दीर गडबडले, पाणी आणायला आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी तिच्या शेजारी उभी राहिले, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मला पुन्हा तेच वाटलं. माझ्या घरातून असं नातवंड कधी गेलं नव्हतं. जायला आधी असावं लागतं. त्या रडण्याचासुद्धा मला हेवा वाटला.

आमच्या दोन्ही घरांत त्यानंतर मूल जन्मलं नाही. केतकी आणि श्रीरंग त्यांच्या ठरल्यासारखं राहिले, सुखाने राहिले. रेवा आता तिकडेच कॉलेजात आहे.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं. त्या दिवशी कुळात दुधाच्या दातांचं लेकरू होतं, पण ते समुद्रापलीकडे. संकल्प कार्तिकीपर्यंतचा. म्हणजे चार दिवस मला अन्न नव्हतं, हे मी मनाशी धरून ठेवलं होतं आणि मला ते अवघडही वाटत नव्हतं. दुपार होत आली तशी माझ्या लक्षात आलं की भिंतीपलीकडे भांड्याचा आवाज नाही. सकाळपासून नाही. दीर केव्हाच दुकानात गेले होते.

मी गेले. सरोज खाली सतरंजीवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओटा कोरडा.

"जेवलीस का?"

"तुम्ही जेवलात?"

"माझा नेम आहे."

"मग आज माझाही आहे," ती भिंतीकडेच बघत म्हणाली. "तुम्ही जेवा, मग मी जेवते. नाहीतर राहू दोघी."

तिला ताकीद देऊन, समजावून काही उपयोग नाही हे मला चांगलं माहीत होतं. तिचा हट्ट मी चार बाळंतपणांत पाहिला होता. मी खिडकीपाशी उभी राहिले. मी आयुष्यात एकही व्रत अर्ध्यात सोडलेलं नाही. सोमवार, एकादश्या, लक्ष वाती, यजमान आजारी असतानाचे गुरुवार, सगळी तडीस नेली. देवाला हे सगळं ठाऊक आहे. मग मी तिच्या डब्यातून तांदूळ काढले, डाळ धुतली आणि तिच्याच गॅसवर कुकर चढवला.

दोन ताटं वाढली. ती उठून बसली, पण ताटाला हात लावेना. नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली. मी वरणभात कालवला आणि पहिला घास घेतला. गिळलाही. मग तिने घेतला.

तिने आणखी भात मागून घेतला. मग हात थांबवून तिने विचारलं, "वहिनी, तिकडे पोरगी कुणाच्या हातचं दूध पिईल हो?"

"आईच्या," मी म्हटलं.

ते आम्हा दोघींनाही आवडलं नाही.